ऋषीचं धान

बिलोलीच्या अलीकडं एका गावाच्या तळ्यात कुणी न पेरता एक धान उगवतं. गुडघाभर पाण्यात, लव्हाळ्याच्या जोडीनं. दाणा राळ्यापेक्षा बारीक, रंगानं काळपट. गावात त्याला ऋषीचं धान म्हणतात. ऋषिपंचमीला बायांना बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं, आणि या धानाच्या आसपास कधी नांगर फिरलेला नसतो. दिवाळी सरली की ते काढायचं, मडक्यात घालून ठेवायचं आणि पुढच्या भादव्यात घरोघर चिमूट चिमूट वाटायचं, अशी रीत.

काढायचं काम एकाच घरच्या बाईकडं. तिनं पाण्यात पाय घातल्यापासून ते तळ्याच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, सात शेंदरी गोट्यांपुढं धान ठेवीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर धान बाटलं. ते परत तळ्यात टाकायचं, आणि येत्या पंचमीला सगळ्या गावच्या बायांनी नुसत्या पाण्यावर राहायचं.

रुक्मिणबाई सोळा वर्षं हे काम करत होती. त्याच्या बरंच आधी ते तिच्या सासूकडं होतं. एका वर्षी सासूच्या पोटरीला जळू चिकटली आणि म्हातारी "अगं माय!" म्हणून ओरडली. पाळीवर दोन बाया उभ्या होत्या. त्याच पावसाळ्यात गावातली सात-आठ गुरं दगावली, आणि गुरं कशानं मेली हे कुणी डॉक्टरला विचारलं नाही. तेव्हापासून सासूचं नाव 'बोलकी' पडलं. मरेपर्यंत तेच राहिलं. रुक्मिणबाई नवी सून होती तेव्हा तिलाही आडावर 'बोलकीची सून' म्हणूनच ओळखत. मधली वर्षं काम सुमनबाईच्या घरी गेलं. पुढं सुमनबाईला दम्यामुळं पाण्यात उभं राहवेना, तेव्हा ते फिरून रुक्मिणबाईकडं आलं. आलं त्या दिवशी ती घरात एकटीच रडली होती.

यंदा ती येरवाळी, उजाडता उजाडताच निघाली. गळ्यात फडक्याची झोळी, हातात विळा. गोट्यांना हात जोडले आणि पाण्यात उतरली.

पाळीवरून शरणप्पा म्हशी घेऊन चालला होता. नात्यानं दीर लागायचा, त्यामुळं त्याला थट्टेची मोकळीक होती.

"वैनी, आमच्या दादाला सांगून येऊ का? म्हणावं, आज सांजपस्तोर बिनघोर झोप. घरात आवाज न्हाई."

रुक्मिणबाईनं त्याच्याकडं पाहून विळा उगारला. तो हसत हसत पुढं गेला.

तिला तळं पाठ होतं. कुठं खडक, कुठं वाळू, कुठं घोट्याएवढा चिखल, सगळं. पाळीपासून पन्नास पावलांवर धान सर्वांत दाट असायचं. ती तिकडं चालली. तुरे कापत, झोळीत टाकत, पुढं सरकत. आणि एक पाऊल टाकलं ते खाली टेकलंच नाही.

तोल सावरायला तिनं दुसरा पाय टाकला. तोही गेला. गुडघ्यापर्यंत चिखलात जाऊन ती थांबली, पाणी मांड्यांपर्यंत आलं. ती घाबरली नाही. तळ्यात चिखल असायचाच. तिनं उजवा पाय उपसायला जोर लावला, तर डावा आणखी खाली गेला. डाव्यावर जोर लावला तर उजवा.

मग तिच्या ध्यानात आलं. उन्हाळ्यात तळं आटलं होतं तेव्हा गाळ काढायची योजना आली होती. जेसीबी आलं, गावातल्या लोकांनी ट्रॅक्टर भरभरून काळा गाळ शेतात नेला. तिचा लेक माउली सहा खेपा घेऊन गेला. तो कडेचा गाळ भरत होता, तेव्हा रुक्मिणबाईच म्हणाली होती, "कडंचा कामून नेतोस? ते धान उगवतं ना, तिथली माती बघ. काजळावानी हाय." त्यानं तिथंच खोदायला लावलं. पुरुषभर खड्डा पडला. पावसानं तो पातळ चिखलानं भरला, वर पाणी आलं, आणि कडेची मुळं पसरून वरून सगळं सारखं दिसायला लागलं.

ती आपल्याच खड्ड्यात उभी होती.

हालचाल केली की खाली जायला होतं, हे कळल्यावर ती हलायची थांबली. कुणीतरी येईल, खूण करू, दोर टाकतील. एवढं सोपं तिला वाटलं.

बऱ्याच वेळानं मल्लिनाथ मोटारसायकलवरून पाळीवरून गेला. तो किराणा दुकानवाला. तिनं दोन्ही हात वर केले. त्यानंही एक हात सोडून वर केला, मान दुसरीकडं वळवली आणि गेला. काढणारीकडं टक लावून पाहू नये, असं गावात पोरासोरांनाही शिकवलेलं. तिनं स्वतःच कितीतरी पोरांना त्याबद्दल झापलं होतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा अयोध्या भाकरी घेऊन आली. अयोध्या म्हणजे माउलीची बायको, लग्नाला चार वर्षं झालेली. रीतीप्रमाणं भाकरीचा डबा गोट्यांपाशी ठेवून तिनं परत फिरायचं होतं. पण ती फिरली नाही. पाळीवर बसली. तिला सासूचं डोकं आणि डोक्यावरचा पदर एवढंच तुऱ्यांमधून दिसत होतं. सासू वाकून कापते आहे असंच कुणालाही वाटलं असतं.

"आत्याबाई," अयोध्या म्हणाली, "आज तुमाला बोलता येत न्हाई. म्हणून आज मीच बोलते."

रुक्मिणबाईनं मान वर केली.

"घरात मी तोंड उघडलं की तुमी म्हणता, आधी चहा टाक. मग म्हणता, आधी भांडी काढ. मग म्हणता, उद्या बघू. चार साल झाले, माझा उद्या उगवून न्हाई राहिला." तिनं पदरानं नाक पुसलं. "माझं नर्सिंग झालेलं हाय. तुमी ते बघूनच केली होती ना मला? पावण्यांत मिरवायला? नांदेडच्या दवाखान्यातून पत्र आलंय. सोमवारी हजर व्हायचं. ह्यांना विचारलं तर म्हणतात, मायला विचार. तुमाला विचारलं तर तुमी जात्याचं कापड झटकत बसता. मी काय जात्याला विचारू?"

रुक्मिणबाईनं विळा धरलेला हात जोरानं हलवला. खाली बोट दाखवलं. पुन्हा हलवला. पाण्यावर थापटी मारली.

अयोध्या उठून उभी राहिली.

"हाव, कळलं. आता विळा उगारा. मुकं असूनबी मारायला उठायलात." तिचा आवाज फाटला. "त्या घरात माझा जीव गुदमरून राहिला, आत्याबाई. तुमाला कधी कळायचं ते?"

रुक्मिणबाईनं दोन्ही हात वर केले. तोंड उघडलं. हाक घशाशी आली होती. पोरगी पन्नास पावलांवर होती, एक शब्द पुरेसा होता. पण त्या एका शब्दामागं सासूचं तोंड उभं राहिलं. देवळाच्या पायरीवर बसायला गेली की बाया लुगडं आवरून बाजूला सरायच्या, तेव्हाचं तोंड. आणि दुसरंही एक मनात आलं. सुनेनं इतकं बोलल्यावर आपण तोंड उघडलं, तर ते मदतीला उघडलं की भांडायला, हे गाव कशावरून ठरवणार? म्हणतील, सुनेला शिव्या द्यायला म्हातारी पाण्यात बोलली.

तिनं तोंड मिटलं.

अयोध्या तरातरा पाळ उतरून गेली. डबा गोट्यांपाशी तसाच राहिला.

चिखल मांड्यांच्या वर आला होता. पाणी पोटाच्या वर. तुरे आता बरोबर तोंडासमोर आले होते, आणि दुसरीकडं पाहायला काही नव्हतं. इतकी वर्षं तिनं हे धान कापलं होतं, पण कापताना नजर पुढच्या तुऱ्यावर असते, हातातल्यावर नसते. आज पहिल्यांदाच एकच तुरा तिच्यासमोर तासन्‌तास उभा होता.

त्या तुऱ्यावर एक फोलपट चाललं होतं.

आधी तिला वाटलं वारा आहे. पण वारा पडलेला होता. तांदळाएवढं, पांढुरकं, दोन्हीकडून निमुळतं फोलपट दाण्यावर तिरकं उभं होतं. थोड्या वेळानं ते हललं, आडवं झालं आणि सरपटत शेजारच्या दाण्यावर गेलं. तिनं डोळे बारीक केले. फोलपटाच्या तोंडातून केसाएवढं काळं डोकं बाहेर आलं होतं. अळी होती. अंगाभोवती धाग्याची नळी विणून ती आत राहत होती. जाईल तिकडं घर ओढत नेत होती. नव्या दाण्याशी आली की नळीचं तोंड दाण्याला चिकटवायची आणि डोकं आत खुपसायची. मग बराच वेळ काही हालचाल नाही.

रुक्मिणबाईनं बोट लावलं. डोकं झटकन आत गेलं. उरलं नुसतं फोलपट.

ही फोलपटं तिच्या ओळखीची होती. दर वर्षी धान झोडपल्यावर सुपात ती मूठ मूठ निघायची. ती पाखडून अंगणात टाकायची आणि म्हणायची, यंदा कोंडा लई हाय. सोळा वर्षं तिनं अळ्यांची बिऱ्हाडं पाखडली होती. उन्हाळ्याच्या तोंडी दिव्याभोवती ती करड्या रंगाची बारीक पाखरं यायची, ती कुठून येतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं तुऱ्यातला एक दाणा नखानं दाबला. फट्‌कन बसला. आत काही नव्हतं. दुसरा दाबला, तोही पोकळ. प्रत्येकाला सुईच्या टोकाएवढं भोक. दहा दाण्यांत दोन भरले निघाले. मग तिनं झोळीत हात घातला. झोळी फुगलेली होती, तरी हाताला वजन लागत नव्हतं. सकाळपासून तसंच लागलं होतं, पण तिला वाटलं होतं, दाणा ओला नसेल.

एक विचार लगेच आला. धानच नसेल तर मौन कशाचं? फोलाला कसलं बाटणं? तो विचार तिनं थोडा वेळ धरून ठेवला. मग तिलाच त्याची लाज वाटली. सासूच्या वेळी कुणी झोळी उघडून बघितली नव्हती. आणि खरं सांगायचं तर धान भरलेलं असतं तरी तिला जगायचंच होतं.

दिवस कलला. पाणी गार झालं. चिखल कमरेशी आला आणि पोटाला पट्टा आवळल्यासारखं वाटायला लागलं. श्वास वरच्यावर यायला लागला. पाय आहेत की नाहीत ते कळेना. तिनं शेजारची मूठभर लव्हाळी धरून ओढली, ती मुळासकट हातात आली. विळा पुढं रोवून पाहिला, तो चिखलानं गिळला. आता हातात तोही नव्हता. समोर ती अळी चौथ्या दाण्यावर गेली होती.

मग ती ओरडली.

आवाज फुटलाच नाही. दिवसभर न वापरलेल्या घशातून नुसती खरखर निघाली. तिनं थुंकी गिळली आणि पुन्हा हाक मारली. "कोन हाय का वं?"

कुणी नव्हतं. पाळ रिकामी. दूर कुठं ट्रॅक्टर चालू होता.

"माउलीऽ! शरणप्पाऽ!"

ज्या शब्दाच्या धास्तीनं ती सकाळपासून बुडत होती तो शब्द गेला, आणि तो कुणी ऐकलाही नाही. मौनही गेलं, सुटकाही नाही. तिला हसू आलं, आणि हसण्यानं छातीवरचा दाब वाढला तेव्हा भीती वाटली.  ती हाका मारत राहिली. नवऱ्याला, लेकाला, सुमनबाईला, मेलेल्या सासूलासुद्धा.

दिवेलागणीच्या आधी पाळीवर कुणीतरी आलं. डबा उचलायला वाकलं. डबा उघडून बघितला. भाकरीला कुणी हात लावला नव्हता.

"अयोध्याऽ!"

अयोध्या दचकली. तिचा हात तोंडावर गेला. सासूच्या तोंडून, पाण्यातून, आपलं नाव.

"इकडं येऊ नको! खड्डा हाय! कमरेवर गेलेय मी. शरणप्पाच्या गोठ्यातली बाज आन!"

पोरीनं दुसरा प्रश्न विचारला नाही. डबा टाकून ती पळाली. गोठा पाळीच्या टोकालाच होता. शरणप्पा, त्याचा गडी आणि अयोध्या अशा तिघांनी बाज आणली. शरणप्पा दोर घेऊन पुढं झाला तर अयोध्याच त्याला म्हणाली, "काका, उभं न्हाई जायचं. बाज आडवी सरकवा, मी हलकी हाय, मी झोपून जाते." ती बाजेवर पालथी पडली आणि हातांनी चिखल सारत सासूपर्यंत गेली. दोर काखेतून घातला. गाठ पहिल्याच खेपेला घट्ट बसली.

"श्वास सोडा. पोट आत घ्या. आता दोन्ही हात बाजेवर. पाय उपसू नका, नुसते हलवा. पानी जाऊ द्या बाजूनं. हळू."

असा आवाज रुक्मिणबाईनं घरात कधी ऐकला नव्हता.

"वैनी, जोर लावतो बरं का," शरणप्पा पाळीवरून म्हणाला, "म्हशीपरीस जड हायसा तुमी."

"तुझ्या तोंडात माती पडो," रुक्मिणबाई म्हणाली.

तासभर लागला. चिखलानं तिला सोडलं तेव्हा मोठा आवाज झाला. पाळीवर आणली तोवर गाव जमलं होतं. माउली कंदील घेऊन धावत आला होता. बाया पुढं, पुरुष मागं. सुमनबाई काठी टेकत सर्वांत पुढं उभी होती. धापा टाकत ती म्हणाली, "जीव वाचला, लई झालं." मग तिनं झोळीकडं पाहिलं. "आन धान?"

झोळी रुक्मिणबाईच्या गळ्यातच होती.  विचारायचं ते कुणी विचारेना.

अयोध्या पुढं झाली. "आत्याबाईंनी हात केला मला. मी आपसूकच आले. शब्द न्हाई काढला." तिनं शरणप्पाकडं पाहिलं. शरणप्पानं दोर गुंडाळत मान खाली घातली.

रुक्मिणबाईला एवढंच करायचं होतं. उठायचं, चार पावलं चालायचं, झोळी गोट्यांपुढं ठेवायची. तोंड मिटलेलं ठेवायचं. शरणप्पाला मघाशी दिलेली शिवी त्यानं आणि त्याच्या गड्यानं पोटातच ठेवली असती. उद्यापासून सगळं होतं तसं. फक्त घरात एक माणूस राहणार, ज्याला खरं माहीत आहे. ते माणूस कधी काही बोलणार नाही, आणि रुक्मिणबाईलाही त्याला कधी काही बोलता येणार नाही. दोघींना मरेपर्यंत एका नळीत राहायचं.

"बोलले मी," ती म्हणाली. "सांच्यापस्तोर नाव घेऊन घेऊन वरडले. ही खोटं बोलून राहिली माझ्यासाठी."

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. सुमनबाईनं डोळे मिटले, मग हात पुढं केला. रुक्मिणबाईनं झोळी सोडून दिली. सुमनबाई पाण्याच्या काठाशी गेली आणि रीतीप्रमाणं धान तळ्यात ओतलं. भरला दाणा तळाशी जातो. हे बहुतेक सगळं वरच तरंगत राहिलं. कंदिलाच्या उजेडात त्यातली काही फोलपटं पाण्यावर वळवळत होती.

"हे काय गं?" सुमनबाई वाकून बघत म्हणाली.

"आपून सोळा साल खाल्लेलं," रुक्मिणबाई म्हणाली. "उद्या सांगते. आता थंडी वाजून राहिली."

बायांत कुजबुज सुरू झाली. येत्या पंचमीचं काय, आता काम कुणाकडं, देवळात विचारायचं का. 'बोलकी' हा शब्दही एकदा तिच्या कानावर आला. कोण म्हणालं हे पाहायला तिनं मान वळवली नाही. अंग कापत होतं. माउली तिला उचलून न्यायला आला, तर ती म्हणाली, "तू पुढं हो, चुलीवर पानी ठेव. मी हिच्याबरं येते."

वाटेत दोघीच राहिल्या. अयोध्याचा हात सासूच्या काखेत होता. 

"दुपारी काय म्हणत होतीस?" रुक्मिणबाईनं विचारलं.

"कधी?"

"भाकरी घेऊन आलीस तवा."

अयोध्याचं पाऊल अडखळलं. दुपारी पन्नास पावलांवरून, न बोलू शकणाऱ्या डोक्याला जे सगळं सांगून झालं होतं, ते आता हाताशी असलेल्या, उत्तर देऊ शकणाऱ्या बाईपुढं जिभेवर येईना.

"काय न्हाई, आत्याबाई. असंच. चला, गारठाल."

रुक्मिणबाई थांबली. मग वाटेतच, धोंड्यावर, चिखलानं भरलेल्या लुगड्यानिशी खाली बसली.

"आवं, उठा ना. ताप भरंल."

"भरू दे. तू हायसच की नर्स." तिनं पाय लांब केले. पाय अजून तिचे वाटत नव्हते. "पुन्यांदा म्हण. समदं. जात्याचंबी म्हण. मधी चहा टाक म्हणले तर माझी जीभ झडंल."

अयोध्या उभीच राहिली. घराच्या दिशेनं पाहिलं, तिथं माउलीनं अंगणातला दिवा लावला होता. मग ती सासूशेजारी खाली बसली, पदर गुडघ्यांवर ओढला आणि दोनदा घसा खाकरून म्हणाली, "नांदेडहून पत्र आलंय."

"कोन्या दवाखान्यातून?" रुक्मिणबाईनं विचारलं.